रुचिराच्या बाटल्या

रुचिरा भांडली नाही. बुधवारपासून हीच एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे आणि या एकोणतीस वर्षांत ती माझ्याशी भांडली नाही असा आठवडा मला आठवत नाही. कुकरवरून भांडली, फ्रिजवरून भांडली, लग्नावरून तर आमची वार्षिक स्पर्धाच असते. आणि या वेळी भांडायला खरोखर कारण होतं, तेव्हा बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "माझंच चुकलं, आई. सोड." पुढच्या सोमवारपासून ती अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात जाणार आहे. एसी, लॅपटॉप, दोन शनिवार सुट्टी. आज, शनिवारी संध्याकाळी, आपली अकरा झाडं खोक्यांत भरून ती गावच्या बसमध्ये बसली. जाता जाता मला सांगून गेली, "कपाटातल्या बाटल्या रिकाम्या कर आणि भंगारवाल्याला देऊन टाक. तुला मोकळं कपाट हवं होतं ना?"

हवं होतं. सात वर्षं हवं होतं. चारशे बाटल्या आहेत त्या कपाटात. जॅमच्या, सॉसच्या, मुरंब्याच्या, सोसायटीभरातून मागून आणलेल्या. आमच्या भंगारवाल्याने एकदा जिन्यात रुचिराच्या बाबांना अडवून हळूच विचारलं होतं, "साहेब, तब्येत ठीक आहे ना? बाटल्या फार जातात तुमच्याकडे." प्रत्येक बाटलीत बोटभर जेली आणि त्या जेलीत नखाएवढी हिरवी रोपं. संध्याकाळपासून मी दोनदा कपाट उघडलं आणि दोनदा बंद केलं.

ही मुलगी अशी का झाली, याचा दोष मी माझ्या तुळशीला देते.

आम्ही तेव्हा जोगेश्वरीला जुन्या चाळीत राहायचो, आता तिथेच नवीन इमारत उभी आहे. रुचिरा पाचवीत असेल. माझी तुळस छान उंच, सरळसोट वाढली होती. एके दिवशी दुपारी बघते तर सगळे शेंडे खुडलेले. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही, म्हणाली, "पंधरा दिवस थांब." पंधरा दिवसांनी तुळस अशी भरगच्च फुटली की शेजारणी बघायला यायला लागल्या. कॉलेजात गेल्यावर तिने मला त्याचं कारण सांगितलं. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते वरून खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडला की तो दाब जातो आणि बाजूचे डोळे फुटतात.

"म्हणजे मोठ्या जावेसारखं," मी म्हटलं. "ती घरात असली की बाकीच्या गप्प."

"आई, हे मी परीक्षेत लिहू का?"

"लिही. मार्क मिळतील."

बाई बॉटनी घेऊन बीएस्सी झाल्या. बँकेच्या परीक्षा दे म्हटलं, नाही दिल्या. बीएड कर म्हटलं, नाही केलं. एका टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये चिकटल्या, तिथे दिवसभर केळीची रोपं बाटलीत लावायची. घरी येऊन तेच पुराण. जेलीत ऑक्सिन जास्त घातलं तर तुकड्याला मुळं फुटतात, सायटोकायनिन जास्त घातलं तर कोंब फुटतात, दोन्ही बेताचं असलं तर नुसता गोळा वाढत राहतो. "तोच तुकडा, आई. फक्त प्रमाण बदललं की त्याचं नशीब बदलतं." हे ती मला भाजी चिरताना सांगायची, आणि मी म्हणायची, "तुझ्याही जेलीत जरा प्रमाण बदलून बघू का? लग्नाचा कोंब फुटतो का ते तरी कळेल." मग भांडण.

तिच्यामुळे आमच्या घरात साधी गोष्ट साधी राहिली नाही. खिडकीतलं मनीप्लांट उजेडाकडे वाकलं, तर का वाकलं यावर जेवताना व्याख्यान. सावलीच्या बाजूला ऑक्सिन जमतं, ती बाजू जास्त लांबते, म्हणून देठ उजेडाकडे झुकतो. तिचे बाबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, मला वाटलं त्याला समोरची पोरगी आवडते." द्राक्षं आणली तर, "एवढी लांबट कशी, माहितेय? घड जिबरेलिनमध्ये बुडवतात." जास्वंदीची फांदी लावायची तर आधी मुळं फुटायची पावडर टोकाला लावायची, तीही चिमूटभर. मी एकदा चांगला चमचाभर थापला, म्हटलं लवकर फुटेल. फांदी काळी पडून कुजली. "त्याच जातीची औषधं भरपूर मात्रेत मारून लोक तण जाळतात आई, आणि तू चमचा वापरलास!" बाजारातून कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यांची पेटी आणली म्हणून तिने बाबांना अर्धा तास फैलावर घेतलं. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो, एक पिकला की तो बाकीच्यांना पिकवतो, मग हे विष कशाला, वगैरे वगैरे. एवढं सगळं मी ऐकलं आहे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सात वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो, मालन वन्संकडे. वन्सं म्हणजे रुचिराची आत्या, तिच्या बाबांची थोरली बहीण. माझे सासरे सीताराम मुंबईत गिरणीत होते, पण वन्सं लग्न होऊन गावातच राहिल्या, त्यांची आंब्याची चाळीस कलमं आहेत. त्यांच्या परसातल्या फणसाची एक जुनी फांदी मोडून पडली होती आणि त्या फांदीवर सीतेची वेणी होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, झाडावर वाढणारं आमच्याकडचं ऑर्किड. मे महिन्यात पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा वीतभर घोस खाली लोंबतो, अगदी कुणी गजरा माळून वेणी सोडल्यासारखा. लोक ती झाडावरून ओरबाडून विकतात, म्हणून आता गावात फारशी दिसत नाही. त्या मोडक्या फांदीवर एक हिरवी शेंग राहिली होती. रुचिराने ती रुमालात बांधून मुंबईला आणली.

तिथून माझे दिवस फिरले. त्या शेंगेत धुळीसारखं बी, ते मातीत रुजत नाही म्हणे, बाटलीतच वाढवावं लागतं. माझा पाच लिटरचा कुकर बाटल्या निर्जंतुक करायला गेला तो गेलाच. मग मी खाली दुसऱ्या मजल्यावरच्या नंदाचा कुकर मागून आणून पावभाजी करायची. पाहुण्यांसाठी आणलेला चायना ग्रास जेलीत गेला. देवापुढे नारळ फोडला की ही पातेलं घेऊन हजर, कारण नारळाच्या पाण्यात सायटोकायनिन असतं आणि ऑर्किडच्या बाळांना ते मानवतं. माझ्या देवाच्या नारळाचं पाणी सात वर्षं ऑर्किडने प्यायलंय.

तीन वर्षांपूर्वी तिने लॅबची नोकरी सोडली. सकाळी शिकवण्या आणि दुपारी बाटल्या. घरात बोलायला लागलं की, "आई, पहिली फुलं येऊ देत." लग्न? फुलं येऊ देत. नोकरी? फुलं येऊ देत. मी म्हटलं, "मी मेल्यावर येणारेत का गं?"

आणि यंदा एप्रिलमध्ये आली. म्हणजे कळ्या आल्या. मागच्या खोलीच्या खिडकीत टांगलेल्या अकरा झाडांना कळ्यांचे अकरा घोस. आरे कॉलनीच्या रस्त्याला संघमित्राताईंची रोपवाटिका आहे; तिथली मागची रिकामी शेड रुचिराला झाडं वाढवायला हवी होती. मूळच्या त्या बुलढाण्याच्या, शेतीची पदवी घेतलेल्या, बोलायला एकदम रोखठोक. त्या घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "कळ्या मलाही दिसतायत. पण कळ्या बघून मी शेड देत नसते. फुललेली आण. बाटलीतून फुलापर्यंत नेता येतं हे दाखव, मागची शेड तुझी. जंगलातून तोडून आणणाऱ्यांना मी मग सांगू शकेन, हे बघा, असंही होतं." रुचिराने त्यांना वाकून नमस्कार केला. मला दिवाळीलासुद्धा करत नाही.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी ती मैत्रिणीच्या लग्नाला नाशिकला गेली. निघायच्या आधी कळ्यांवर सायटोकायनिनचा हलका फवारा मारला. जाताना बजावलं, "माझ्या खोलीत काही ठेवू नकोस." हे ती दर वेळी बजावते. चादर ठेवू नकोस, खुर्ची ठेवू नकोस, धूप फिरवू नकोस. दर वेळी सगळ्यालाच नको म्हटलं की माणूस ऐकायचं सोडून देतो.

त्या सोमवारी वन्संनी आंबे पाठवले होते. चार डझन, कच्चे. आमच्याकडे आंबा गवतात थर लावूनच पिकवतात, आढी घालतात. मी हॉलमध्ये दिवाणाखाली आढी घातली होती. शुक्रवारपर्यंत आंबे पिवळे व्हायला लागले आणि रुचिराच्या बाबांनी शनिवारी ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलं.

"अहो, दिवाणाखाली गवत दिसतंय."

"मग हलव की. मागची खोली रिकामीच आहे."

"तिने सांगितलंय ना, काही ठेवू नका."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. आंबे काय तिची झाडं खाणारेत?"

मी आढी मागच्या खोलीत हलवली. ऊब राहावी म्हणून खिडकी लावली, दार लावलं. रविवारी दुपारी, ती यायच्या आधी, उगाच कटकट नको म्हणून आंबे काढले, अर्धे सोसायटीत वाटले, गवत खाली टाकलं, फिनेलने लादी पुसली, खिडकी सताड उघडली. पोलिसांनी येऊन शोधलं असतं तरी काडी सापडली नसती.

ती आली तेव्हा कळ्या पिवळ्या दिसत होत्या. सोमवारी गळायला लागल्या. मंगळवारी सकाळी अकराही देठ नुसते लोंबत होते आणि लादीवर कळ्यांचा सडा पडला होता. ती खाली बसून एकेक कळी उचलत होती.

"आई, मी नसताना खोलीत काही झालं होतं का? कुणी काही फवारलं? डासांची कॉइल?"

"नाही गं. फक्त पुसली."

एवढंच बोलले मी. खोटं नव्हतं, कारण तिने आंब्यांचं विचारलंच नव्हतं. शप्पथ घेऊन सांगते, त्या क्षणी मला आंब्यांचा आणि कळ्यांचा संबंध लागला नव्हता. फक्त 'माझ्या खोलीत ठेवलंसच का' हे भांडण मला नको होतं. हिच्याशी भांडायला अंगात बळ लागतं आणि माझी कंबर गवत उचलून आधीच दुखत होती.

ती वही घेऊन बसली. फवाऱ्याची मात्रा तीनदा मोजली. शेवटी ठरवलं की मिसळताना आपणच दहापट घातलं. "सात वर्षं करून मला साधा फवारा जमत नाही, आई. मला संघमित्राताई शेड देतील आणि मी तिथे काय, त्यांचीही झाडं मारू?" बुधवारी तिने त्यांना फोन करून सांगितलं, शेड दुसऱ्याला द्या. त्या म्हणाल्या, रविवारी दुपारी एक जण बघायला येतोय, तोपर्यंत विचार कर. ती म्हणाली, विचार झाला. त्याच दिवशी अंधेरीच्या कंपनीला हो कळवलं. त्यांचं नोकरीचं पत्र महिनाभर तिने उघडूनही पाहिलं नव्हतं.

आणि मला आनंद झाला. हेही लिहायलाच हवं. मी बुधवारी रात्री शिरा केला.

आज दुपारी, रुचिरा खोकी बांधत असताना, वन्संचा फोन आला. बस किती वाजता पोचते, कोण घ्यायला येईल, असं सगळं झालं. मग म्हणाल्या, "आंबे गोड झाले मा गो?"

"झकास झाले, वन्सं."

"आढी खंय घातलंस? तुमची जागा ती केवढी."

मी आवाज खाली करून सांगितलं, हॉलमध्ये, मग दोन दिवस मागच्या खोलीत.

"झाडांच्या खोलयेत? अगो, तुका कोणी सांगूक नाय? आढयेच्या खोलयेत फुलां ठेवूची नसतत. आमची आये देवाचो मोगरोसुद्धा थंय ठेवूक देय नसा. एका रातीत मान टाकता."

चौथी शिकलेल्या बाईने मला एका वाक्यात सांगितलं ते मी, बीए फर्स्ट क्लास, इतकी वर्षं पोरीच्या तोंडून ऐकत होते. इथिलीन. एक आंबा पिकला की बाकीच्यांना पिकवतो. तोच वायू कळीला लागला की कळीला वाटतं आपलं झालं, आपण गळायचं. अठ्ठेचाळीस आंबे, बंद खोली, दोन दिवस. आत खोक्यांना सुतळी बांधण्याचा आवाज येत होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिला डब्यात पोळीभाजी भरून दिली.

ती गेल्यावर मी स्वतःची समजूत घालायला लागले. वन्सं काय, जुनी माणसं काहीही म्हणतात. फवाराच जास्त झाला असेल, रुचिराने तीनदा मोजलंय. आणि मग मला बारावं झाड आठवलं.

बारावं झाड रुचिराने नंदाला दिलं होतं, कुकरची परतफेड म्हणून. नाशिकला जाताना त्याच बाटलीतला तोच फवारा तिने उतरता उतरता नंदाकडच्या झाडावरही मारला होता. माझ्यासमोर. दारातून नंदाला म्हणाली होती, "मावशी, हात नका लावू हं दोन दिवस."

मी तशीच चपला घालून खाली गेले. नंदा सीरियल बघत होती.

"ये ये. पोरगी गेली?"

"गेली. नंदा, ते झाड कसंय तुझं?"

तिचा चेहरा एकदम चोरासारखा झाला. "आता तुला काय सांगू. तिला नको सांगूस हं. तिची तिकडे वाट लागलेली, आणि माझ्याकडे हे बघ."

बाल्कनीत, वाळत टाकलेल्या टॉवेलच्या मागे, सीतेची वेणी फुलली होती. वरपासून खालपर्यंत पूर्ण. वीतभर नव्हे, चांगली हातभर. मी फणसावर बघितली होती त्याहून भरगच्च. खालच्या टोकाला तेवढ्या दोन-चार कळ्या उघडायच्या राहिल्या होत्या.

"मी फोटो टाकणार होते गं तिला," नंदा म्हणाली. "पण म्हटलं, जाऊ दे, आधीच ती रडवेली. जिना चढताना मला टाळते ना पोर. काय झालं? तू का बसलीस अशी खाली?"

"काही नाही. कंबर."

मी फोटो काढला आणि वर आले.

रुचिराच्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी चांगली आहे, क्षमा."

"माहितेय."

"आणि झाडं मेलेली नाहीत ना. पुढच्या वर्षी येतीलच की कळ्या."

"झाडांना येतील हो. तिला?"

"मग सकाळी सांगू. आता बसमध्ये कशाला? झोपू दे." आणि ते स्वतः झोपले. या माणसाला कुठल्याही परिस्थितीत झोप येते, याचाही एकदा शोध लावायला हवा.

आता दीड वाजलाय. सकाळी सांगू हे बोलायला सोपं आहे. पण मला मी माहीत आहे. सकाळी दूध येईल, पाणी येईल, मग वाटेल आधी ती पोचू दे, मग वाटेल आंघोळ करू दे, मग ती वन्संसोबत परसात जाऊन झाडं फणसाला बांधत असेल. दुपारी तो माणूस शेड बघून हो म्हणेल. पुढच्या सोमवारी ती इस्त्रीचे कपडे घालून अंधेरीला जाईल आणि मी डबा भरीन. आयुष्यभर ती समजत राहील की आपल्या हाताला यश नाही. आणि मी दर उन्हाळ्यात आंबे खात राहीन.

नोकरी करायची तर करू दे. मला आवडेलच. पण तिच्या हातून काही बिघडलं नव्हतं हे कळल्यावर करू दे.

मघाशी तिसऱ्यांदा कपाट उघडलं. एक बाटली दिव्याखाली धरली. जेलीत पाच रोपं होती, प्रत्येकाला दोन पानं आणि एक पांढरं मूळ. बाटलीवर तिच्या अक्षरात तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'नारळ, गौरीच्या पूजेचा.' बाटली परत जागेवर ठेवली.

बस आता महाडच्या पुढे गेली असेल. ती जागी असणार, ही मुलगी गाडीत कधी झोपत नाही. ती आधी ऐकून घेईल, मग विचारेल, "आई, मी तुला विचारलं होतं ना?" आणि मग अख्खी बस जागी होईल एवढ्या मोठ्याने भांडेल. भांडू दे. फोटो नंतर पाठवेन, आधी माझ्या तोंडून ऐकू दे.

नंबर लावतेय.